घरटी एक, चूलबंद आणि मधली तिरकी रेघ

रविवार, पाच जानेवारी. सकाळचे साडेदहा. स्थळ: आमच्या दादरच्या घराची पुढची खोली. उपस्थित: आई, मी, माझा धाकटा भाऊ, भावजय. अनुपस्थित: माझे यजमान, कारण घरात मीटिंग म्हटली की त्यांना भाजी आणायची आठवण होते. विषय: आईचं सहस्रचंद्रदर्शन, दोन फेब्रुवारी, आणि त्याची आमंत्रणं.

घरातल्या मीटिंगची नोंद ठेवते म्हणून मला सगळे हसतात. हसू देत. एका गणपतीत दूर्वा कोणीच आणल्या नव्हत्या आणि तिघांचं उत्तर एकच होतं, "मला वाटलं तू आणणार." त्या दिवसापासून वही सुरू झाली, ती अजून चालू आहे.

तर मीटिंग. हॉल शंभर पानांचा. यादीत घरं चाळीस. घरातली सगळी माणसं धरली तर मुंड्या एकशे सदतीस.

"सोपं आहे," भाऊ म्हणाला. "घरटी एक."

"घरटी एक?" आईने चष्मा काढला. "माझी ऐंशी वर्षं भरली त्याचं जेवण आहे, गावकीची सभा नाही."

आमच्या कोकणातल्या लोकांत आमंत्रणाचे दोन प्रकार. एक, घरटी एक: प्रत्येक घरातून एक माणूस यायचं, जेवायचं, घराची हजेरी लागली. दुसरं, चूलबंद: त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळे आमच्याकडे. कुठलं आमंत्रण ते तोंडाने स्पष्ट सांगायचं असतं. घरटी एक सांगितलेल्या घरातून दोघं आले तर त्यांचं चुकलं आणि चूलबंद सांगून पानं कमी पडली तर तुमचं. यात तिसरा प्रकार नाही. गिरणगावात आलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीने गावातलं बरंच काही मागे टाकलं, पण हे दोन शब्द ट्रंकेत घालून आणले.

भाऊ घरटी एकवर अडला, आई चूलबंदवर. भावजय शहाणी, ती चहा करायला उठली. पाऊण तासाने मी वही पुढे ओढली आणि मोबाइलवर पाठवायचा मजकूर लिहून दाखवला: "आमच्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त आपण आणि/किंवा आपल्या कुटुंबीयांनी अगत्य भोजनास यावे."

भावाने दोनदा वाचलं. "वा, ताई. यात घरटी एकही बसतं आणि चूलबंदही. ज्याला जे घ्यायचं ते त्याने घ्यावं."

"ही मधे रेघ कसली?" आईने विचारलं.

"ऑफिसात घालतो आम्ही, आई."

"मग असेल काहीतरी," आई म्हणाली आणि मजकूर मंजूर झाला. उठताना मात्र ती म्हणाली, "बाकी कोण आलं, कोण नाही, मी मोजणार नाही. लालबागची वयनी आली पाहिजे."

वयनी म्हणजे आमची मोठी काकी, आईची थोरली जाऊ. वय पंचाऐंशी. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत या दोघींनी अठरा वर्षं संसार केला. मधे साडीचा पडदा, दोन्ही बाजूंना एकेक स्टोव्ह. दोघींचे नवरे एकाच गिरणीत, वेगवेगळ्या पाळ्यांत, त्यामुळे त्या दोघी एकमेकींना नवऱ्यांपेक्षा जास्त वेळ भेटल्या असं आई सांगते. पुढे गिरणी बंद पडली आणि आम्ही दादरला आलो. त्यानंतर भावाचं लग्न ठरलं. बाबा आमंत्रण द्यायला लालबागला गेले तर काका त्यांना खालीच दुधाच्या रांगेत भेटले. तीन मजले लाकडी जिना. बाबांनी पत्रिका रांगेतच काकांच्या हातात दिली आणि परत आले.

"माज्या घरात लग्नाचा आमंत्रण दुधाच्या पिशवीवांगडा इला," हे काकीचं मालवणी वाक्य तेव्हापासून नात्यात फिरतंय; वांगडा म्हणजे बरोबर. लग्नाला ती आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. नंतर बाबा गेले, काका गेले, दोन्ही वेळी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सणाला फोन होतात. पण जेवायला म्हणून काकी आमच्या घरी आलेली नाही आणि ती येत नाही म्हणून आईही गेलेली नाही.

आता सहस्रचंद्रदर्शनाला औक्षण असतं. गुरुजी म्हणाले, सुवासिनींनी करावं. आई म्हणाली, "गुरुजींना सांग, सुवासिनी करतील त्यांना करू दे. पहिलं ताट वयनीच्या हातात. मला 'काय गो' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय." गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे शास्त्रात कुठे बसवायचं? मी म्हटलं, आपलं आपण बसवा, मला हॉलवाल्याला फोन करायचाय.

*

त्या रेघेबद्दल आधी सांगायला हवं. ती मला फुकट मिळालेली नाही.

रे रोडला लाकडाच्या वखारींमागे आमचं ऑफिस. परदेशातून ओंडके येतात, ते गोदीतून सोडवायचे आणि कमी किंवा खराब निघाले तर तक्रारीची पत्रं लिहायची. मी नवी लागले तेव्हा माझ्या वरच्या बाई गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतल्या होत्या. इंग्रजी कडक, मराठी घरची, हातात तांबडी पेन्सिल. जुन्या पत्रांत जिथे तिथे आणि/किंवा दिसायचं. मला ते फार भारदस्त वाटलं. मीही ते मिठासारखं घालू लागले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, "ओंडके तुटलेले आणि/किंवा भिजलेले मिळाले." बाईंनी मान हलवली. "हे बरोबर. अजून तपासणी नाही झाली. तुटलेत, की भिजलेत, की दोन्ही, आपल्याला ठाऊक नाय. तिन्हीपैकी काहीही निघालं तरी पत्र खरं राहतं."

दुसऱ्या पत्रात लिहिलं, "माल आपण आणि/किंवा आपला एजंट घेऊन जाईल." तांबडी रेघ. "एकाच्याच सहीने माल सुटणार ना? मग 'आणि' कोणाला हवा? नुसतं किंवा लिही. ट्रकात ड्रायव्हरच्या बाजूला एकच सीट आहे गो."

तिसऱ्यात, "आम्हास कळवावे आणि/किंवा फोन करावा." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "फोन करून तू काय करतेस? गाणं म्हणतेस?"

मग खुर्ची जवळ घ्यायला सांगून त्यांनी मला नियम समजावला, तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. ती रेघ म्हणजे तीन दारं. पहिलं एकटं, दुसरं एकटं, दोन्ही मिळून. लिहिण्याआधी तिन्ही वाक्यं वेगवेगळी करून मोठ्याने वाचायची. तिन्ही चालत असतील तरच रेघ. एकाही वाक्याला तोंड वाकडं झालं तर रेघ घालायची नाही, आपल्याला काय हवंय ते ठरवून तेवढंच लिहायचं.

"आणि तिन्ही चालत असतील तरी," त्या म्हणाल्या, "माणसाला लिहिताना सरळ लिही. हे किंवा ते किंवा दोन्ही. स्टेशनवर पाटी बघ. दंड किंवा कैद किंवा दोन्ही. सरकारला तीन शब्द परवडतात, तुला काय होतं?"

पुढे वर्षानुवर्षं मी हा नियम नव्या मुलींना शिकवला. तांबडी पेन्सिल आता माझ्या ड्रॉवरमध्ये असते. आणि पाच जानेवारीला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईच्या जेवणाला, मी एकही दार न उघडता चाळीस घरांना रेघ पाठवून दिली.

*

उत्तरं यायला लागली. मी वहीत रकाने आखले: आणि, किंवा, दोन्ही. संध्याकाळपर्यंत चौथा आखावा लागला: अंगठा. चाळीसपैकी सतरा घरांनी नुसता अंगठा पाठवला होता. अंगठ्याला किती पानं धरायची?

परळच्या मावसभावाने लिहिलं, "आम्ही आणि." म्हणजे पाच. लोअर परळच्या टॉवरात राहणाऱ्या चुलत बहिणीने लिहिलं, "आमच्याकडून किंवा येईल." आमच्याच इमारतीतले खालच्या मजल्यावरचे काका काठी टेकत वर आले. "घरात आम्ही दोघंच," ते म्हणाले, "तेव्हा आणि कोण आणि किंवा कोण ते तुम्हीच ठरवून सांगा. आमच्यात त्यावरून सकाळपासून बोलणं बंद आहे."

"दोघंही या," मी म्हटलं.

"मग तसं लिहायचं ना," असं म्हणून ते काठी टेकत खाली गेले.

लालबागहून मात्र काही नाही. अंगठासुद्धा नाही. आई रोज सकाळी चहाबरोबर विचारायची, "लालबागचं काय?" मी म्हणायची, "बघितलंय त्यांनी." दोन निळ्या खुणा मी तिला दाखवल्या. आई म्हणाली, "खुणा जेवायला येणार आहेत का?"

आठव्या दिवशी मी फोन लावला. काकीच्या सुनेने उचलला.

"हो ताई, मिळाला मेसेज. आम्ही तिघं येतोय. मी, हे आणि आमची लेक."

"आणि काकी?"

तिने आवाज खाली आणला. "आईंना मी वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला."

मागून काकीचा आवाज आला, पंचाऐंशी वर्षांचा आणि ठणठणीत: "सांग तिका, तेच्यात 'किंवा' आसा मां? मगे पोरां येतली. लिवलला आसा तसाच करतंव."

मी फोन ठेवला आणि जे आधी करायचं ते आता केलं. तिन्ही वाक्यं मोठ्याने वाचली. काकीने यावे. चालेल, छान. काकी आणि कुटुंबीयांनी यावे. फारच छान. काकीच्या कुटुंबीयांनी यावे, काकी नाही आली तरी हरकत नाही. इथे मी थांबले. हे मी लिहून पाठवलं होतं. स्वच्छ अक्षरात, अगत्यपूर्वक. काकीने चुकीचं काही वाचलं नव्हतं. चाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांना तिन्ही दारं उघडी ठेवली तरी बिघडत नव्हतं. एका घराला एकच दार हवं होतं आणि त्या घरासाठीच तर सगळं चाललं होतं.

गिरगावच्या बाईंना फोन केला. त्या निवृत्त झाल्या तरी माझ्या चुका ऐकायला त्यांना अजून आवडतं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "जेवणाच्या आमंत्रणात? अगं, ती रेघ आपल्याला ठाऊक नसेल तेव्हा घालायची. कोण यायला पाहिजे हे तुझ्या आईला ठाऊक होतं की."

"मला एकदम सगळ्यांचं सोडवायचं होतं."

"तेच म्हणते. काकीलाही सोडवलंस," त्या म्हणाल्या.

*

ऑफिसात चूक झाली की आम्ही दुरुस्तीपत्रक काढतो. सवयीने मी तेही काढलं. चाळीस घरांना: "यापूर्वीच्या संदेशातील 'किंवा' रद्द समजावा."

अर्ध्या तासात भावाचा फोन. "ताई, तू काय केलंस?"

"दुरुस्ती."

"म्हणजे आता सगळे 'आणि' झाले. चूलबंद. एकशे सदतीस. हॉल शंभरचा आहे, लक्षात आहे ना तुझ्या?"

नव्हतं. मी, जी हॉलची मापं वहीत दोन ठिकाणी लिहिते. हॉलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, दोन पंगती करा, साडेबाराची आणि दीडची. मी दोन पंगतींच्या दोन याद्या केल्या. भाऊ म्हणाला, पहिल्या पंगतीत कोण आणि दुसऱ्या पंगतीत कोण यावरून पुढची दहा वर्षं पुरेल एवढं भांडण होईल. मी म्हटलं, ते आपण त्या दहा वर्षांत बघू.

लालबागहून दुरुस्तीपत्रकाला उत्तर आलं. सुनेने काकीच्या शब्दांत पाठवलं होतं, माझ्यासाठी प्रमाण मराठीत उतरवून: "माझ्यासाठी नोटीस काढायची गरज नाही. मी काही गिरणी नाही."

हे मी आईला वाचून दाखवलं नाही. भावजयीने दाखवलं. आई हसली, डोळे पुसेपर्यंत हसली.

"तू तिला मोबाइलवर बोलावलंस?" थोड्या वेळाने ती म्हणाली.

"सगळ्यांनाच बोलावलं."

"वयनी सगळ्यांत येते का?" मग तिने मला समोर बसवून सांगितलं, मी लिहून घेतलं. नारळ घ्यायचा. हळदकुंकू, अक्षता, विडा. तीन मजले चढायचे. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत ये म्हणेपर्यंत आत जायचं नाही. कुंकू लावून अक्षता तिच्याच हातात द्यायच्या. तोंडाने आधी तिचं नाव घ्यायचं, मग म्हणायचं, तुमच्या चुलीला आमंत्रण आहे. मग पाया पडायचं. "तुझ्या बाबांना मी हे सगळं सांगून पाठवलं होतं," आई म्हणाली. "ते जिना बघून परत आले."

बाबांनी तीन मजले वाचवले होते. मी तर दादरहून लालबागही वाचवलं होतं.

*

आज शनिवार, पंचवीस जानेवारी. नारळ वगैरे पिशवीत घेऊन सकाळी अकरा वाजता लालबागला पोचले. फोन मुद्दाम केला नव्हता, आमंत्रणाला जाताना विचारून जात नाहीत. तिन्ही मजले चढले, दुसऱ्यावर एकदा थांबले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

सून बाहेर आली आणि माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडे बघून तिचा चेहरा पडला. "ताई, आई नाहीत. हिंदमाताला गेल्यात."

"या वयात? एकटी?"

"माझ्या लेकीला घेऊन. साडी घ्यायला." तिने मागे वळून पाहिलं, जणू काकी खोलीतच होती. "मी सांगितलं असं म्हणू नका. तुमच्या आईंसाठी घेतायत. मऊ सुती पाहिजे म्हणाल्या, काठ बारीक. जाड काठ त्यांच्या मानेला टोचतो म्हणे."

माझ्या आईच्या मानेला जाड काठ टोचतो हे मला ठाऊक नव्हतं. मी दर दिवाळीला तिला जाड काठाची साडी आणते.

"म्हणजे येणार आहेत," मी म्हटलं.

"तसं नाही म्हणाल्या. साडी माझ्याबरोबर पाठवणार म्हणाल्या." मग ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या चढून आलात. नारळ ठेवून जा ना. मी सांगते त्यांना."

पाय दुखत होते. हात पिशवीतून नारळ काढेपर्यंत गेला होता. तेव्हा सवयीने तीन वाक्यं म्हणून पाहिली. नारळ काकीला द्यावा. नारळ काकीला आणि सुनेला द्यावा. नारळ सुनेला द्यावा. तिसऱ्याशी थांबले. दुधाच्या रांगेत बाबांनी हेच केलं होतं.

"नको," मी म्हटलं. "मी परत येते."

सून हसली. "बरं केलंत," ती म्हणाली.

घरी आल्यावर आईला साडीचं सांगितलं. ती बराच वेळ हातातली वाटाण्याची शेंग सोलत राहिली, सोलून झाली तरी.

"काठ बारीक म्हणाली?"

"हो. म्हणजे येईल ती, आई. नाहीतर साडी कशाला घेईल?"

"साडी घेणं तिचं काम, ते तिने केलं," आई म्हणाली. "बोलावणं आपलं काम. ते झालंय का?"

नाही झालं. उद्या सव्वीस जानेवारी. सकाळी आठला चाळीच्या पटांगणात झेंडावंदन असतं आणि काकी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेली असते, त्यामुळे उद्या ती नक्की सापडणार. आईने बजावलंय, पटांगणात चकार शब्द काढायचा नाही. नुसतं हसायचं. ती जिना चढेल तिच्या वेगाने, आपण मागून चढायचं, ती आत जाऊन बसली की मग उंबऱ्याशी उभं राहायचं.

वहीत हॉल, गुरुजी, दोन पंगती, फुलं, दिव्यांची ताटं, सगळ्यांसमोर बरोबरची खूण आहे. पिशवी दाराशी ठेवलीय, नारळ तोच. चौदाव्या ओळीवर लिहिलंय: लालबाग, तिसरा मजला, मोठी काकी, प्रत्यक्ष. तिच्यासमोरचा चौकोन अजून रिकामा आहे.